लांब लेन्स, मजबूत सॅक: खान्देशातल्या पक्षी-फोटोग्राफर मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं ४०० ते ६०० मिमी पल्ल्याची लेन्स पाठीवर घेऊन हतनूर, अनेर, यावल-पाल, पाटणादेवी, तोरणमाळ अशा ठिकाणी पायी फिरणाऱ्यांसाठी आहेत. किट लेन्स आणि मोबाइल एवढंच सामान असेल तर यातल्या निम्म्या गोष्टींची गरज नाही.

१. माझ्याकडे १५०-६०० लेन्स आहे. कॉलेजच्या सॅकमध्ये टॉवेल गुंडाळून नेली तर चालत नाही का?

गाडी थेट पाण्याच्या काठापर्यंत जात असेल तर चालते. चालायचं असेल तर नाही, आणि ते लेन्सपेक्षा सॅकच्या शिलाईमुळे. कॉलेजच्या सॅकचा खांदापट्टा एकेरी कापडावर एका ओळीच्या टाक्याने बसवलेला असतो. पाच-सहा किलोच्या वह्यांना तो पुरतो. दहा-अकरा किलोला पट्ट्याचं वरचं टोक उसवायला लागतं आणि एकदा उसवलं की एका बाजूने सॅक खाली येते. शिवाय तळाला फोम नसतो. सॅक दगडावर टेकवली की टॉवेल सरकून लेन्सची कड थेट आपटते.

२. किती लिटरची सॅक घ्यावी?

लिटरचा आकडा या कामात फारसा उपयोगी नाही. ४० लिटरची सॅक उंच आणि पातळ असेल तर तिच्यात हूडसकट (लेन्सच्या तोंडावरचं उन्हाचं छत्र) लेन्स बसत नाही, आणि २६ लिटरची सॅक नीट मापाची असेल तर सगळं सामान मावतं. टेप घ्या आणि आतली मापं मोजा. दुकानदार आणि वेबसाइट बहुतेक वेळा बाहेरची मापं सांगतात, त्यातून फोमचे ३ ते ४ सेंटिमीटर वजा होतात.

लेन्सची लांबी अशी धरा: सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी सुमारे २६ सेंटिमीटर, निकॉन २००-५०० सुमारे २७, सोनी २००-६०० आणि निकॉन झेड १८०-६०० सुमारे ३२. पहिल्या दोन झूम करताना पुढे येतात, म्हणून बंद असताना आखूड असतात. शेवटच्या दोघींची लांबी कायम तेवढीच राहते. मागे लावलेल्या कॅमेरा-बॉडीचे ८ सेंटिमीटर मिळवा, वर बोटं घालायला २-३ सेंटिमीटर सोडा. म्हणजे पहिल्या गटाला आतून ३८ आणि दुसऱ्याला ४३ सेंटिमीटर उभी जागा हवी.

खोली मोजायला लोक विसरतात. लेन्सचा व्यास साडेदहा-अकरा सेंटिमीटर असतो, पण हूड उलटा चढवला आणि लेन्सखालचा, ट्रायपॉडला जोडायचा पाय धरला की १५ लागतात. आतून १३ सेंटिमीटर खोल असलेल्या सॅकची चेन जोर लावून बंद होते खरी, पण रोजच्या त्या ताणाने ती लवकर जाते.

३. लेन्स कॅमेऱ्याला लावूनच ठेवावी की सोडवून?

पायी फिरताना लावून. आपल्याकडे डिसेंबरपासून जूनपर्यंत हवेत माती असते. रानात लेन्स सोडवली की सेन्सरवर ठिपके आलेच. पण तीन गोष्टी पाळा. झूमचं लॉक लावा, नाहीतर चालताना लेन्सची नळी आपोआप पुढे सरकते. लेन्सखाली पोटाशी फोमचा आधार ठेवा, म्हणजे तिचं वजन माउंटच्या कड्यावर लोंबकळणार नाही. आणि सॅकमधून काढताना बॉडीच्या ग्रिपला धरून उपसू नका, लेन्सचा पाय धरून उचला.

मोटरसायकलवर मात्र नियम उलटा होतो, प्रश्न १० पाहा.

४. एकूण वजन किती होतं? किती झेपतं?

नेहमीचा हिशेब बघा. लेन्स १.९ ते २.३ किलो, बॉडी पाऊण किलो, ट्रायपॉड २, गिंबल हेड (जड लेन्स तोलून फिरवणारं ट्रायपॉडचं डोकं) १.२, रिकामी सॅक २.२, पाणी २, बॅटऱ्या-डबा-रेनकव्हर मिळून १. बेरीज अकरा किलोच्या पुढेमागे येते. शरीराच्या वजनाच्या १५ ते २० टक्के ओझं दिवसभर वाहता येतं असा ढोबळ अंदाज धरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला हे ओझं मर्यादेच्या वरच्या टोकाला जातं.

कमी काय करायचं? पाणी नाही. एप्रिल-मेमध्ये दोन लिटरही अपुरं पडतं. गिंबल आणि ट्रायपॉड घरी ठेवून बीन बॅग (लेन्स टेकवायची, धान्य भरायची पिशवी) न्या, तीन किलो वाचतात; दोन किलो धान्य भरलं तरी ओझं किलोभर कमीच. हतनूरच्या काठावर तसंही पालथं पडूनच बदकांच्या डोळ्याच्या पातळीवर येता येतं. बीन बॅग रिकामी न्यायची आणि वाटेतल्या गावात दोन किलो ज्वारी घेऊन भरायची. घरी परतल्यावर ती ज्वारी काढून टाका. महिना-दोन महिने भरून ठेवली तर त्यात सोंडे होतात आणि ते लेन्सच्या कप्प्यात फिरताना दिसतात.

५. कंबरपट्टा खरंच लागतो? तो तर गळ्यातल्या कॅमेऱ्याला आडवा येतो.

लागतो. सॅक निवडताना सगळ्यात आधी बघायची गोष्ट हीच, फोम त्याच्या नंतर. नीट बसलेला रुंद कंबरपट्टा निम्म्याहून बराच जास्त भार कमरेच्या हाडांवर घेतो. तो नसला की तेच अकरा किलो मान आणि खांद्यांच्या स्नायूंवर येतात, आणि मग हातात धरलेली लेन्स थरथरते. फोटो हललेला का आला याचं उत्तर बऱ्याचदा शटर स्पीडमध्ये नसून खांद्यात असतं.

एक इंचाची नुसती नायलॉनची पट्टी म्हणजे कंबरपट्टा नव्हे. ती सॅक हलू देत नाही एवढंच, भार घेत नाही. भार घेणारा पट्टा बाजूंना किमान चार बोटं रुंद, फोमचा आणि पाठीच्या फ्रेमला जोडलेला असतो.

बसवायची पद्धत: मान खाली घाला, मानेच्या बुडाशी जो मणका सगळ्यात जास्त वर येतो तिथे टेपचं एक टोक. दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागे. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी रेघ जिथे पाठीचा कणा ओलांडते तिथे दुसरं टोक. ही तुमच्या पाठीची लांबी. सॅकमध्ये वजन भरा, सगळे पट्टे सैल करा. आधी कंबरपट्टा हाडांच्या वरच्या कडेवर घट्ट करा, मग खांद्याचे पट्टे ओढा, शेवटी खांद्यावरून सॅककडे तिरके जाणारे वरचे छोटे पट्टे. छातीचा पट्टा काखेच्या रेषेत, सैलसर. उलट क्रमाने केलं तर सगळा भार खांद्यावरच राहतो.

६. माझी उंची ५ फूट १ इंच आहे. सगळ्या सॅक पाठीवर लांब पडतात. काय करू?

ताई, प्रश्न उंचीचा नाही, पाठीच्या लांबीचा आहे. सहा फुटी माणसाची पाठही आखूड असू शकते. वरच्या पद्धतीने मोजा. ४२-४३ सेंटिमीटरच्या आत येत असेल तर जिच्यात खांद्यांचे पट्टे वर-खाली सरकवता येतात अशी सॅक शोधा. कॅमेऱ्याच्या सॅकमध्ये ही सोय क्वचित असते, ट्रेकिंगच्या सॅकमध्ये सर्रास असते. म्हणून आखूड पाठीच्यांना प्रश्न ८ मधला मार्ग जास्त सोयीचा. खांदापट्टे एस आकाराचे असतील तर छातीवर घासत नाहीत.

७. दुकानात उभं राहून मजबुती कशी ओळखायची? सगळेच ‘वॉटरप्रूफ, हेवी ड्यूटी’ म्हणतात.

सॅक उलटी करून बघायला लाजू नका. आधी अस्तराची चेन असेल तर ती उघडा आणि खांदापट्टा जिथे आत जातो ती जागा बघा. तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई हवी, किंवा दाट आडव्या टाक्यांची जाड पट्टी. एकच सरळ ओळ दिसली तर सॅक खाली ठेवा. आतल्या कडांना कापडाचे धागे सुटे लोंबत नसावेत, त्यावर गोट मारलेला असावा.

मग कापड. ४२० डेनियरच्या आतलं नायलॉन बाभळीच्या काट्याला टिकत नाही. अंगाला ४२० ते ५००, तळाला ८०० ते १००० असा मेळ चांगला. सगळीच सॅक १६८० डेनियरची असेल तर ती टिकते जन्मभर, पण रिकामीच जड लागते. डेनियर म्हणजे धाग्याची जाडी, पाणी अडवण्याचा त्याच्याशी संबंध नाही. पाणी अडवतो तो आतला लेप.

चेन. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० नंबरची हवी. नंबर बहुतेक वेळा रनरच्या पाठीमागे कोरलेला असतो. गोल वेटोळ्याची नायलॉन चेन घ्या. सुट्या प्लास्टिक दातांच्या चेनचा एक दात गेला की ती संपली, वेटोळ्याची चेन उसवली तरी रनर मागे-पुढे केल्यावर पुन्हा जुळते. कोपऱ्यावरून रनर एका हाताने फिरवून बघा. रिकाम्या सॅकला अडखळत असेल तर भरलेल्या सॅकला अडकणारच.

फोम अंगठ्याने दाबा आणि सोडा. लगेच वर आला पाहिजे. खड्डा तसाच राहिला तर तो स्पंज आहे, सहा महिन्यांत बसतो. शेवटी बक्कल: दहा वेळा लावा-काढा, आणि बाजारात त्याच मापाचं सुटं बक्कल मिळतं का ते विचारा. रानात सगळ्यात आधी तुटतं ते बक्कल. सॅकवर पाय पडतो, बस्स.

८. घरी ५० लिटरची ट्रेकिंग सॅक आहे. तिच्यात फोमचा कप्पा टाकून भागेल का?

भागेल, आणि बऱ्याच जणांसाठी हाच उत्तम मार्ग आहे. ट्रेकिंग सॅकची पाठ आणि कंबरपट्टा कॅमेऱ्याच्या सॅकपेक्षा सरस असतो. अडचण एकच: ती वरून उघडते. लेन्स काढायला वरचं सगळं उपसावं लागतं. म्हणून पुढून किंवा बाजूनेही चेन असलेली सॅक हवी.

कप्पा तयार मिळतो किंवा शिवून घेता येतो. जळगावच्या फुले मार्केटसारख्या बाजारात सॅक दुरुस्त करणारे कारागीर असतात, त्यांना माप नीट दिलं की काम होतं. बाजूंना १२ ते १५ मिमी, तळाला २५ मिमी बंद छिद्रांचा फोम, म्हणजे ज्यात पाणी शिरत नाही तो. आतून मऊ अस्तर, मधल्या पडद्यांना वेल्क्रो. लेन्स सोबत घेऊन जा आणि हूड उलटा लावून तिथेच मोजायला लावा. कारागीर अंदाजाने कापतात आणि कप्पा हमखास एक सेंटिमीटर लहान होतो.

९. पाठीकडून उघडणारी सॅक चांगली की पुढून उघडणारी?

पाठीकडून. सॅक जमिनीवर ठेवताना चिखल लागतो तो पुढच्या अंगाला, पाठीला टेकणारा भाग कोरडा राहतो. पावसाळ्यानंतर काळ्या मातीत एकदा सॅक टेकवली की हे लगेच पटतं. शिवाय गर्दीत मागून कोणी चेन उघडू शकत नाही.

१०. मोटरसायकलवरून नेतो. धक्क्यांनी लेन्स बिघडते का?

एका मोठ्या खड्ड्यापेक्षा तासभराची सततची थरथर जास्त त्रास देते. तिने स्क्रू सैल होतात: लेन्सच्या पायाची प्लेट, गिंबलचे गोळे, ट्रायपॉडच्या पायांचे सांधे. म्हणून मागच्या कॅरियरला रबराने बांधणं अजिबात नको, टाकीवर पुढे ठेवणं तर हँडलच्या आड येतं. सॅक पाठीवरच घ्या. खांदापट्टे इतके सैल करा की तळ मागच्या सीटवर टेकेल, आणि खाली घडी केलेलं जाकीट ठेवा. कंबरपट्टा लावलेला असू द्या.

लांबच्या किंवा खराब रस्त्याला लेन्स आणि बॉडी सोडवून, दोन्हीकडे झाकणं लावून, वेगळ्या कप्प्यांत ठेवा. घरून निघतानाच सोडवा म्हणजे धुळीचा प्रश्न येत नाही. पोचल्यावर बंद खोलीत किंवा वारा अडवून जोडा. सैल स्क्रू आवळायला ॲलन की सोबत हवीच. सॅक मागच्या सीटवरच्या माणसाच्या पाठीवर देणार असाल तर त्याने कंबरपट्टा लावल्याशिवाय गाडी हलवू नका, चढावर ओझं त्याला मागे खेचतं.

११. एसटी, काळी-पिवळी आणि रेल्वेत कुठे ठेवावी?

मांडीवर. डिकीत आणि टपावर कधीच नाही. रेल्वेत रात्रीचा प्रवास असेल तर उशाशी.

१२. ट्रायपॉड सॅकला कुठे बांधायचा?

बाजूला, पाय खाली, दुसऱ्या बाजूच्या खिशात पाण्याची बाटली म्हणजे तोल जुळतो. मधोमध पुढच्या अंगाला बांधला तर दोन किलो पाठीपासून वीस सेंटिमीटर दूर जातात आणि सॅक मागे ओढते. झाडीतून वाकून जाताना डोक्याच्या वर आलेलं हेड फांद्यांत अडकतं, त्यामुळे हेड काढून आत ठेवलं तर बरं.

१३. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. सॅक उन्हात तापली तर?

बहुतेक कॅमेरे ० ते ४० अंशांसाठी बनवलेले असतात. बंद गाडीत तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी चढतं, तेव्हा गाडीत सॅक सोडून जेवायला जाऊ नका. काळी सॅक जास्त तापते, राखाडी किंवा मातकट रंग बरा. वर पांढरं कोरडं उपरणं टाकलं तरी फरक पडतो. ओलं फडकं टाकू नका, दमट हवा आत शिरते.

तसंही नऊ-साडेनऊनंतर जमिनीवरची हवा थरथरायला लागली की ६०० मिमीवर दूरचा पक्षी कितीही भारी लेन्सने धारदार येत नाही. पहाटे पोचून नऊला आवरणं हेच शहाणपण. म्हणून अंधारात हाताने चाचपून कळेल अशी प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली ठेवा. आणि भरताचा डबा बाहेरच्या कप्प्यात, पिशवीत बांधून. तेल एकदा फोममध्ये मुरलं की जात नाही.

१४. ‘वॉटरप्रूफ’ सॅकला रेनकव्हर लागतं का? आणि बुरशीचं काय?

लागतं. कापडावर लेप असतो, पण शिलाईच्या भोकांतून आणि चेनमधून पाणी शिरतं. रेनकव्हर घालूनही पाठीकडून ओघळणारं पाणी कव्हरच्या तळाशी साचतं. तळाला छोटं भोक असलेलं कव्हर घ्या, आणि आत सामान मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. ही पिशवी कुठल्याही महागड्या लेपापेक्षा भरवशाची.

बुरशी लागते ती बहुतेक वेळा रानात नाही, घरी. फोम ओलावा धरून ठेवतो आणि लोक लेन्स तशीच सॅकमध्ये ठेवून कपाट बंद करतात. परतल्यावर लेन्स बाहेर काढा, सॅक सगळ्या चेन उघडून सावलीत वाळवा. लेन्स हवाबंद डब्यात, सोबत १०० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. नारिंगी दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवा, पुन्हा नारिंगी होतात. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका.

१५. दोन वर्षांत चेन अडकायला लागली. सॅकच बदलू का?

थांबा. रनरच्या पोटात बघा, काळ्या मातीची पीठासारखी धूळ आणि घामाचं मीठ यांचा गोळा झालेला दिसेल. जुन्या टूथब्रशने कोरडं घासा, मग साबणाच्या कोमट पाण्याने, वाळल्यावर मेणबत्तीचा तुकडा दातांवर फिरवा. खोबरेल किंवा मशीनचं तेल लावू नका, धूळ दुप्पट चिकटते. रनर जातो पण मागे चेन उघडीच राहत असेल तर रनर सैल झाला आहे. पक्कडीने दोन्ही कडा अगदी किंचित दाबा. तरी नाही जमलं तर फक्त रनर बदलून मिळतो.

पाठीच्या जाळीत गवताची कुसळं शिरतात आणि शर्टातून टोचत राहतात, ती चिमट्याने आतल्या बाजूने ओढा. कापूस वेचणीच्या दिवसांत शेताकडेने गेलात तर वेल्क्रोत तंतू भरतात आणि पडदे धरत नाहीत. जाड सुई किंवा बारीक दातांचा कंगवा ते काम करतो.

१६. वेल्क्रोच्या आवाजाने पक्षी उडतात. काही उपाय?

बाहेरच्या कप्प्यांना वेल्क्रो नसलेलीच सॅक घ्या. असेल तर त्यावर वेल्क्रोची उलटी पट्टी कायमची चिकटवून तो बंद करून टाका. रनरच्या धातूच्या कड्या काढून दोरीच्या गाठी बांधा, त्यांची किणकिण थांबते.

सातपुड्यात याचं महत्त्व जास्त. १८८४ नंतर नाहीसा समजला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. तो दिवसाही निष्पर्ण सागाच्या फांदीवर उघडा बसलेला दिसतो. सॅक आधीच, दूर असताना उघडा, लेन्स बाहेर घ्या, मग जवळ जा. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका, विणीच्या काळात तर मुळीच नाही.

१७. आर्मी प्रिंटची सॅक रानात लपते. घेऊ का?

नको. पक्ष्यांना तुमची हालचाल दिसते, सॅकची नक्षी नव्हे. आणि लष्करी नक्षीची भलीमोठी सॅक, वर लांब नळीसारखी लेन्स म्हटल्यावर धरणावर आणि नाक्यावर उगाच चौकशी लागते. साधा मातकट किंवा फिका हिरवा रंग घ्या. धरणाच्या भिंतीवर फोटोला मनाईचा फलक असेल तर लेन्स सॅकमध्येच राहू द्या. अभयारण्यात शिरण्याआधी वनखात्याच्या नाक्यावर कॅमेऱ्याच्या शुल्काची पावती घ्या आणि सॅकच्या वरच्या खिशात ठेवा.

१८. विमानाने जायचं आहे. ही सॅक केबिनमध्ये घेतात का?

देशातल्या विमानांत केबिन बॅगेची मर्यादा साधारणपणे ७ किलो आणि ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर असते. तिकिटावरचा आकडा बघून घ्या. प्रश्न ४ मधला हिशेब पुन्हा मांडा: ट्रायपॉड, गिंबल चेक-इनमध्ये, पाणी रिकामं, तेव्हा लेन्स, बॉडी आणि सॅक मिळून पाच किलोच्या आसपास होतात. जास्त झालं तर बॉडी गळ्यात घ्या. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्येच न्यावी लागते, चेक-इनमध्ये चालत नाही. बॅटरीच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावा.

१९. ६०० एफ४ प्राइम (झूम न होणारी मोठी लेन्स) भाड्याने घेतोय. तीच सॅक चालेल?

बहुधा नाही. कॅननची ईएफ ६०० एफ४ तिसरी आवृत्ती जवळपास ४५ सेंटिमीटर लांब, पुढून १७ सेंटिमीटर रुंद आणि तीन किलोच्या थोडी वर आहे. बॉडीसकट ठेवायला आतून ५४ सेंटिमीटर उंची आणि २० सेंटिमीटर खोली लागते. एवढी सॅक केबिनच्या मापात बसायला बॉडी सोडवावी लागते. भाड्याने देणाऱ्याकडे लेन्सची सॅकही असते, तीच मागून घ्या आणि तिचा कंबरपट्टा प्रश्न ५ प्रमाणे तपासा. बऱ्याचशा सॅकना तो नसतोच.

२०. जुन्या सॅकचं अस्तर चिकट झालं आहे आणि पापुद्रे निघताहेत. धुऊन जाईल?

नाही. आतला पॉलियुरेथेनचा लेप उष्णता आणि दमट हवेने विरघळत चालला आहे, तो परत येत नाही. पापुद्रे लेन्सच्या झूम रिंगमध्ये शिरतात, तेव्हा ती सॅक कॅमेऱ्यासाठी बंद करा. पट्टे आणि शिलाई धड असेल तर बीन बॅग, डबा आणि पाण्याच्या बाटल्या न्यायला ती अजून चार वर्षं चालेल.